लाल कापडाची वही

“ते लाल कापडाची वही काढ, बाबू. घरी नेतो. परवा उर्वशीची हळद हाय,” रामकलीबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

केवळराम ग्रंथपाल खुर्चीतून उठला नाही.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण सालेकशाच्या आसपास कुठंही पोवार समाजातलं लग्न निघालं की ती नातीला, उर्वशीला, घेऊन वाचनालयात यायची. पोरगी त्या वहीतून वाचायची, ही डोळे मिटून ऐकायची. लग्नाची सत्तर गाणी, हिनेच एका मास्तरांना सांगितलेली. मास्तरांनी ती वहीत उतरवून वही वाचनालयाला दिली होती. आता नवरी उर्वशीच, आणि लग्न तोंडावर आल्यावर नवरीला घराबाहेर पडायची बंदी.

कपाटांच्या जागी आता सहा कम्प्युटर होते. यंदाचं सगळं अनुदान त्यांतच गेलं, पुस्तकांना काही उरलं नाही. जागा करायला जुन्या पुस्तकांची यादी केवळरामनेच केली. छापील किंमत नसेल ते आधी बाद, असा वरून कागद आला होता, आणि हा कागदाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस. हाताने लिहिलेल्या वहीवर किंमत कुठून असणार?

“आजी, ह्याच्यात पन्नास हजार पुस्तकं हायेत,” तो कम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाला.

“मंग माही काढ ना.”

त्याने उगाच चार अक्षरं टाइप केली. मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. मिळालं नाही.

“वही कुठी हाय?”

“रद्दीत गेली, आजी. दिवाळीच्या आधीच.”

रामकलीबाई खाली फरशीवर बसली. “काऊन देलास रे?”

“जागा नव्हती.” बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती. त्याने घाईघाईने कोरा कागद ओढला. “तुम्ही सांगा आजी. मी आत्ता लिहून घेतो. सगळी.”

तिने डोळे मिटले. पहिली ओळ आली. दुसरी अर्ध्यावर थांबली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. मग नुसतीच चाल येत राहिली, शब्द नाहीत. केवळराम पेन धरून बसला होता.

तिने डोळे उघडले.

“इसरून जाईन म्हणून तं लिहून ठेवलं होतं, बाबू.”