झीतीचा चुरा

"नुन्झिया, आज तू बस. झीती इलारिया तोडेल."

सासूबाई डोन्ना राकेले हे इतक्या सहज म्हणाल्या, की जणू मिठाची बरणी मागितली. नुन्झिया हात पुसता पुसता थांबली. एकोणीस वर्षं या घरात रविवारच्या झीती तिनंच तोडल्या होत्या. हातभर लांब, पोकळ, वाळून कडक झालेल्या पास्त्याच्या नळ्या. त्यांना सुरी लावायची नाही, हातानंच तोडायच्या, आणि तोडणारीनं खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. आज त्या खुर्चीत धाकटी जाऊ इलारिया बसली होती. लग्नाला महिना झाला नव्हता. उत्तरेकडची, ट्रेंटोची, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी.

"दर खेपेला तूच मरमर मरतेस," सासूबाई पुढे म्हणाल्या. नुन्झियाला ऐकू आलं ते एवढंच, की तुझं काम संपलं.

इलारियानं पहिली नळी दोन्ही टोकांना धरून वाकवली. कट्‌! तीन तुकडे झाले, मधला उडून कपाटाखाली गेला आणि टेबलभर चुरा सांडला. दुसरीचं तेच. तिसरीचंही तेच.

नुन्झियाला फार म्हणजे फारच बरं वाटलं.

"शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात ना, ताई! मीच विसरले." इलारिया हसली. तिला टोमणा कळलाच नाही, किंवा कळून तिनं गिळला. "एकदा तुटली की वाकलेले दोन्ही तुकडे एकदम सरळ व्हायला धावतात. त्या झटक्याची लाट नळीतून पळते आणि दुसरीकडे पुन्हा तोडते. म्हणून दोनाचे तीन होतात. वाकायला जागाच दिली नाही तर?"

तिनं चौथी नळी घेतली. जिथं तोडायची, त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ बोटं आवळली. टक्‌. दोन तुकडे. चुऱ्याचा कण नाही.

दारात उभ्या दोघींच्या नवऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नुन्झियाच्या नवऱ्यानं तर शिट्टीही मारली. एकोणीस वर्षांत त्यानं बायकोच्या कुठल्याच कामाला शिट्टी मारली नव्हती. नुन्झियाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"टेबल पुसते," ती म्हणाली. आणि पहिल्या तीन नळ्यांचा सगळा चुरा गोळा करून तिनं एप्रनच्या खिशात टाकला. जेवण रंगात आलं की बशीत काढून सगळ्यांपुढे ठेवायचा. बघा म्हणावं, मास्तरीणबाईंच्या हातचा पराक्रम.

सासूबाईंनीही तिच्याशी तेच केलं होतं, असं तिला वाटत आलं होतं. नुन्झियाच्या हातून चुरा पडायचाच. तो नळ्यांबरोबर शिजायचा, पातेल्याच्या तळाशी बसायचा, आणि म्हातारी दर रविवारी चारचौघांत चमच्यानं तो खरवडून आपल्या ताटलीत घ्यायची. सुनेची चूक वेचून दाखवायची.

जेवायला बसले. कांद्यात सकाळपासून मुरलेल्या मांसाच्या रश्श्यात झीतीचे एकसारखे तुकडे चमकत होते. जो तो इलारियाचं कौतुक करत होता. नुन्झियाचा हात खिशाकडे गेला.

तेवढ्यात डोन्ना राकेलेंनी पातेलं पुढे ओढलं. तळाशी चमचा फिरवला. पुन्हा फिरवला.

"चुरा कुठाय?"

"नंतर पडूच दिला नाही, आई," इलारिया म्हणाली.

"अगं मग मी खाऊ काय? माझे दात जाऊन किती वर्षं झाली, आणि ती मेली कवळी टोचते." म्हातारीनं ताटली बाजूला सारली. "नुन्झियाला ठाऊक आहे. ती मुद्दाम पाडते माझ्यासाठी. कधी बोलून दाखवलं नाही पोरीनं. होय ना गं?"

सगळे नुन्झियाकडे बघू लागले. खिशातल्या मुठीत चुरा तिच्या तळव्याला बोचत होता.

"होय, आई," ती म्हणाली. "थांबा जरा. आणते."

ती स्वयंपाकघरात आली. झीती उकडलेलं पाणी शेगडीवर अजून गरमच होतं, तिनं खालचा गॅस मोठा केला. खिशातला चुरा मुठीनं बाहेर काढला. पाण्यात टाकला असता तर दहा मिनिटांत शिजला असता.

"ताई, मी येऊ का मदतीला?" बाहेरून इलारियानं विचारलं.

"नको! बस तू!"

नुन्झियानं मूठ केराच्या डब्यावर उघडली. तळवा एप्रनला घासून पुसला. मग फळीवरचा पुडा काढला, एक नळी घेतली, दोन्ही टोकांना धरली, आणि जितकी वाकेल तितकी वाकवली.