निरगाठ

"आज गाठ मी मारते," म्हणत हौसानं जाळ्याच्या दोरीचं टोक नवऱ्याच्या मनगटाला बांधलं. जाळं फेकणारे भोई तिथं सुरगाठ मारतात, ओढली की सुटणारी. पण मागच्या आठवड्यात तीच सुटली आणि त्यानं उन्हाळाभर विणलेलं जाळं कृष्णेनं नेलं. म्हणून आज हौसानं निरगाठ मारली, वर पाणी लावून आवळली.

"हात काळा पडंल की गं," तो हसला.

"पडू दे."

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं जाळं फेकलं. ओढताना ते जड लागलं. तेवढ्यात जाळ्यात गुरफटलेलं मगरीचं शेपूट पाण्यावर आपटलं.

मगर त्याच्यावर आली नाही. ती बिचकून खोल पाण्याकडे पळाली. दोरीला हिसका बसला. तो मगरीकडे बघतही नव्हता, मनगट तोंडाशी नेऊन दातांनी गाठ सोडवत होता. मग तोही दिसेनासा झाला.

संध्याकाळी लोकांनी त्याला बाहेर काढलं. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मगर जाळं फाडून केव्हाच गेली होती. दोरी कापायला कुणीतरी कोयता पुढं केला. हौसानं तो घेतला नाही. अंधार पडला तरी ती त्याच्या हातावर वाकून दातांनी गाठ सोडवत होती.