कुंपणातला राजगिरा

सकाळी फाटकाचे कुलूप काढून ऋजुताने हातमोजे चढवले, नाकाला फडके बांधले आणि ती राजगिऱ्याच्या वाफ्यांपाशी आली. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या मातीतले शिसे पानांत ओढले जावे, म्हणून तिनेच तो लावला होता. आजही शेंडे खुडलेले होते. तारेचे कुंपण घातले, धोक्याची पाटी लावली, वस्तीत सभा घेतली. कशाचाच उपयोग झाला नव्हता.

पलीकडे शेवंतामावशी दारात बसून तीच भाजी निवडत होती.

"मावशी, विषारी आहे ती! किती वेळा घसा कोरडा करू?"

"विषारी असती तर इतकी तरारली असती का, बाई? आमची नातवंडं ताट चाटूनपुसून खात्यात. थांबा, तुमालाबी देते बांधून."

ऋजुता चिडून बोलणार होती. पण मावशीच्या जागी आपणही हेच म्हटले असते, हे तिला कळून चुकले. तिने आधी मुलांच्या रक्ततपासणीसाठी दवाखान्यात फोन केला. मग मजुरांबरोबर सगळा राजगिरा उपटून पिंपांत बंद केला. जमीन शुद्ध व्हायला आता दुप्पट वर्षे लागणार होती. दुपारी ती त्याच वाफ्यांत, शिसे सावकाश ओढणाऱ्या, पण शेळीही तोंड लावत नाही अशा बेशरमाच्या फांद्या रोवत होती.