दाराच्या आतल्या बाजूचा रंग

चावी परत देताना मोहन टिपणीस घरमालकीण खांबेटेबाईंशी हुज्जत घालत होता. "आतल्या खोलीच्या दाराचा रंग रोजच्या वापराने उडालाय, काकू. तो काही डिपॉझिटमधून कापायचा नसतो."

"मग दारालाच विचारू," म्हणत बाईंनी हातातली डबी दाराच्या आतल्या बाजूला टेकवली. हल्ली घरांना लावतात तो रंग त्याच्यावर बसलेला प्रत्येक दणका आणि त्यावेळचं बोलणं धरून ठेवतो, आणि डबी ते ऐकवते.

डबीतून आधी लाथा ऐकू आल्या. मग मोहनच्या लेकीचा, ऋजुताचा आवाज. "बाबा, आला मला पाढा. कडी काढा ना." मग एकोणतीसचा अख्खा पाढा, दाहे दोनशे नव्वदपर्यंत, एकदाही न अडखळता. मग पुन्हा. तिसऱ्यांदा रडत रडत.

त्या संध्याकाळी, पाढा पाठ होईपर्यंत म्हणून तिला कोंडून मोहन खाली टपरीवर गप्पा छाटत बसला होता.

"कापून घ्या, काकू," तो कसाबसा म्हणाला. त्याची मान वर होईना.

पुस्तकांचं खोकं कवटाळून उभी असलेली ऋजुता घाईघाईने म्हणाली, "बाबा बाहेर ऐकत होते, काकू. माझाच कुठेतरी चुकत असेल."