रजेचे आठ दिवस

"पॅरिसला कशाला जायचंय?" फौजदारानं तिसऱ्यांदा विचारलं.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आपल्याच लोकरीच्या वखारीत बिरप्पा हात जोडून उभा होता. फौजदार चन्नवीर त्याच्या गादीवर मांडी ठोकून बसला होता आणि बिरप्पानं केलेला पासपोर्टाचा अर्ज त्याच्या गुडघ्यावर होता. दाराशी दोन शिपाई. आतल्या दाराआड बिरप्पाची बायको केराबाई कान देऊन उभी होती.

"बघायला, सायेब," बिरप्पा म्हणाला. "पावसाळ्यात मेंढरं लांब चरायला जात्यात, लोकर येत न्हाय. दोन म्हैनं वखार बंदच असती. म्हनलं, तेवढ्यात जाऊन यावं."

"काय बघायला?"

"गावाच्या मधनं नदी हाय. तिच्यावर दगडी पूल हाईत, एकासारखा दुसरा न्हाय. एक लोखंडी मनोरा हाय, बघता बघता मान मोडती. त्येंचं एक जुनं देऊळ हाय, त्येच्या छपरावर दगडाची जनावरं बसल्याली. आन बागंत खुर्च्या मांडल्याल्या असत्यात. नुसतं बसायचं. कुनी ऊठ म्हनत न्हाय."

"काशीला जाणारा सांगतो, गंगेत न्हायचंय. विलायतेला जाणारा सांगतो, बॅरिस्टर व्हायचंय. आणि तू सात समुद्र ओलांडून खुर्चीवर बसणार?"

बिरप्पानं मान डोलावली.

"सोलापुरातला मार्शल लॉ उठून अजून वर्ष झालं नाही," फौजदार हळू आवाजात म्हणाला. "पॅरिसात कोण कोण दडून बसलंय, ते मला ठाऊक आहे. सरकारविरुद्ध छापणारे, बॉम्ब करायला शिकवणारे. तुला कुणी बोलावलंय?"

"कुनीबी न्हाय."

दाराआड केराबाई आणखी पुढं सरकली. फौजदार विचारत होता तेच तिला महिनाभर सलत होतं. पंधरा वर्षांमागं जर्मनांबरोबरच्या लढाईत बिरप्पा सरकारची खेचरं हाकायला फ्रान्सात गेला होता, तेव्हा त्याला आठ दिवसांची रजा मिळाली आणि ती त्यानं पॅरिसात काढली. त्या आठ दिवसांचं तो आता रोज सांगायचा. पूल सांगितले, भट्टीतल्या पावाचा वास सांगितला. पण जेवला कुणाकडं, निजला कुठं, वाट कुणी दाखवली, ते चुकूनही तोंडातून निघालं नाही. "एवढ्या थोरल्या गावात एक मानूस भेटलं न्हाय व्हय?" असं तिनं एकदा विचारलं, तर तो लोकर तोलायला निघून गेला होता.

"बरं," फौजदार उठला. "वखार उसकटा रे. आणि तू चल कचेरीत."

एका शिपायानं सुरा काढून पहिला गठ्ठा फाडला. काळी लोकर भसाभसा जमिनीवर आली. गेल्या साली याच गल्लीतली दोन माणसं अशीच कचेरीत गेली होती. त्यातलं एक आठ महिन्यांनी परत आलं. दुसरं अजून यायचं होतं.

केराबाई पदर सावरत बाहेर आली.

"थांबा, सायेब. ह्ये सांगायचं न्हाईत. म्या सांगते."

"केरा, आत जा," बिरप्पा म्हणाला.

ती फौजदाराकडेच बघत होती. "तितं ह्येंची बाई हाय. आन एक लेकरू हाय. त्येचं तोंड बघायला निघाल्यात."

शिपायाचा सुरा दुसऱ्या गठ्ठ्यावर तसाच थांबला. फौजदारानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बिरप्पाच्या खाली गेलेल्या मानेकडे, आणि तो मोठ्यानं हसला.

"आता कसं! हे आधी सांगायला काय झालं होतं, लेका?"

तो परत गादीवर बसला. त्यानं बाईचं नाव विचारलं नाही, लेकराचं वय विचारलं नाही. अर्जावर भराभरा चार ओळी लिहिल्या आणि त्या स्वतःशीच पुटपुटत वाचल्या, "खाजगी कारण. संशयास जागा नाही." मग केराबाईनं आणलेला चहा फुंकर घालून प्याला. जाताना त्यानं बिरप्पाच्या पाठीवर थाप मारली. शिपाईही दात काढत त्याच्यामागं गेले.

वखारीत दोघंच उरली. केराबाई खाली बसून सांडलेली लोकर गोळा करू लागली. आता हा खवळणार, चार लोकांत अब्रू घालवलीस म्हणून अंगावर येणार, असं तिला वाटत होतं. खवळला असता तर बरंच झालं असतं. मग तीच म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगा. त्येनं न्हेलं असतं तुमास्नी. बाई काय, लेकरू काय, तोंडाला आलं ते बोलले."

बिरप्पा तिच्या समोर उकिडवा बसला. लोकरीचा एक पुंजका त्यानं उचलला, त्यातलं कुसळ काढलं, मग दुसरं काढलं.

"लेकरू न्हवतं, केरा," तो म्हणाला.