काचेपलीकडचं भांडण

दादाच्या गाजलेल्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली. त्यावेळी वगळलेली रेकॉर्डिंगही जोडली होती. "तुझंही गाणं आहे बघ," म्हणत तो सीडी घेऊन आला. चाळीस वर्षांपूर्वी कंपनीनं माझा आवाज नाकारला, असं त्यानंच सांगितलेलं. माइकपाशी उभी असताना मी काचेपलीकडे त्याला हातवारे करत माझ्यासाठी कंपनीच्या साहेबांशी भांडताना पाहिलेलं. नातवंडांना अजून रंगवून सांगते. हेडफोन लावले. गाणं संपलं, तरी टेप चालूच होती, काचेपलीकडचा माइकही. "काय गायली! हेच ठेवू," साहेब म्हणाले. "अजिबात नको," दादाचा तरुण आवाज. "उद्या लोक मला हिचा भाऊ म्हणून ओळखतील. हिला सांगतो, तुम्हाला आवडलं नाही." समोर दादा कानातलं यंत्र चाचपत होता. "मला कुठलं ऐकू येतंय! कसं झालंय?" मी शेवट पुन्हा लावून हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि आवाज पूर्ण वाढवला.