पोथ्यांची प्रकृती

तपासणीला आलेल्या विदुषीने बुरशीने माखलेली पोथी संचालकांपुढे ठेवली.

"बुरशी? अशक्य, बाई. तळघरात पोथ्यांजवळ बारा सेन्सर आहेत. तिथली आर्द्रता मिनिटामिनिटाला क्लाउडवर जाते. हा आलेख बघा, वर्षभर सरळ रेषा. रोज चार वाजता तेवढी किंचित चढते. त्यावर समिती नेमली आहे."

दाराशी उभे असलेले ग्रंथपाल खाकरले. "साहेब, तळघरात नेटवर्क मिळेना, म्हणून बाराही सेन्सर तुमच्या या कपाटावर ठेवलेत. चारला तुम्ही त्याला लागूनच चहाची किटली लावता."

विदुषीने अहवालात एकच शिफारस केली: सेन्सर मुळीच हलवू नयेत, पोथ्या या दालनात आणाव्यात आणि संचालकांची खुर्ची, समितीसह, तळघरात न्यावी.